फसफसणारी गोधडी

चार महिने आमच्या घरी बटाट्याशिवाय दुसरी भाजी शिजली नाही, आणि त्याचं पाप माझ्या माथी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत लिंबायतला, खानदेशी वस्तीत, आम्ही तिघं राहायचो: मी, नवरा आणि सासूबाई; सासरे गावी शेती बघायचे. नवरा लूमवर कामाला, मी पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये. धुळ्याहून बी.एस्सी. करून आले होते, पण लॅबमध्ये मला कुणी एकदा तरी नावानं हाक मारली असेल तर शपथ! शेठपासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळ्यांची मी नुसती 'बेन'. मी जुळवलेल्या रंगांचं शेडकार्ड छापून आलं आणि त्यावर नाव कुणाचं, तर इनचार्जसाहेबांचं. असा संताप आला म्हणून सांगू, डबा तसाच भरलेला घरी आणला. त्याच दिवशी ठरवलं, एकदा तरी एखाद्या सरकारी कागदावर आपलं अख्खं नाव छापून येईल असं काहीतरी करायचंच.

कापड पांढरं करायला पेरॉक्साइड वापरतात. ते कापडात जरा जरी उरलं तर पुढे टाकलेला रंग खाऊन टाकतं; गुलाबी मागावा तर ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी भलतंच निघतं. म्हणून चार-चार वेळा पाणी बदलायचं. आता, पेरॉक्साइड मोडून टाकणारं एंझाइम साध्या बटाट्यात असतं, हे मी कॉलेजात पाहिलं होतं. बटाट्याच्या रसात पेरॉक्साइड टाकलं की फस्सकन फेस! पण रस पाण्यात ओतला की एकदाच कामाला येतो. मला सुचलं ते एवढंच, की तोच रस चिंधीला चिकटवून ठेवला तर? चिंधी बुडवा, काम झालं की काढा, पुन्हा बुडवा. शेठना विचारलं तर ते हसून म्हणाले, बटाटे तुमचे, चिंध्या तुमच्या, घरी बसून काय वाट्टेल ते करा. मी तेच केलं.

पण चिकटेल तर ना! पहिल्याच धुण्यात सगळा रस गटारात. मी किसतेय, पिळतेय, वाळवतेय, आणि उरलेल्या चोथ्याची सासूबाई धिरडी घालताहेत. नवरा ताटाकडे बघून रोज एकच विचारायचा, "संपले का गं बटाटे?" सासूबाई मात्र कधी कुरकुरल्या नाहीत. एका रविवारी माझ्या बादलीशी उकिडव्या बसून त्यांनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हिरडा लाव ना वं."

त्यांचं माहेर रंगाऱ्यांचं. तिथे कापडाला आधी हिरड्याचं पाणी पाजायचे, म्हणजे मग रंग धरतो, सुटत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. हिरड्यात टॅनिन असतं आणि टॅनिन प्रथिनाला घट्ट धरतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते की! त्यांनी हिरडा कुटला, उकळला, किती आटवायचा ते बोटावर घेऊन ठरवलं, चिंध्या त्यात भिजवून सावलीत वाळवल्या. मग मी त्या चिंध्यांना बटाट्याचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी चिंधी पेरॉक्साइडच्या पाण्यात टाकली: फेस. धुतली, पुन्हा टाकली: फेस. सातव्यांदासुद्धा फेस! मी सासूबाईंचे दोन्ही हात धरून स्वयंपाकघरात फुगडी घातली. धिरडं करपलं, करपू दे म्हटलं.

सुट्या चिंध्या कारखान्यातल्या मशीनमध्ये अडकतील, म्हणून सासूबाईंनी चाळीसेक चिंध्या जोडून हातभर लांबीची गोधडी शिवली. ती बादलीत सोडली तेव्हा त्या स्वतःच दचकून मागे सरल्या. "अवं माय! हाई ते उकळी ऱ्हायनं!"

आता अशी गोष्ट घरात झाल्यावर कोण गप्प बसेल? संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मी कामावरून परतले तर आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मधोमध बादली, भोवती बायका, आणि सासूबाई यजमानीणबाईंच्या थाटात. हळदीकुंकू झालं की तिळगूळ, तिळगूळ झाला की गोधडी बुडवायची पाळी. फेस आला की सगळ्या मिळून ओरडायच्या. एकीनं तर उखाणा घेऊन गोधडी बुडवली. बारडोलीहून कुणाचीशी बहीण खास बसनं बघायला आली. आणि मी रागावले का? छे! मीही पदर खोचून, तोंडात तिळगूळ घोळवत सगळ्यांना एंझाइम समजावून सांगितलं. इतकी फुगले होते मी, की पाय जमिनीला लागत नव्हते.

मग मी पेटंटचं काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेले. म्हातारे गुजराती गृहस्थ, स्टेशनजवळ ऑफिस. बाहेर बाकावर एकजण मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पेटी घेऊन बसला होता. काय आहे म्हणून विचारलं, तर कुठला फोन कुठल्या लाइनीला जोडायचा ते आपलं आपण ठरवणारं स्विचिंगचं यंत्र बनवलंय, एवढंच त्यानं कुजबुजून सांगितलं. आत कसं आहे विचारल्यावर पेटी पोटाशी ओढली. "मेरी घरवाली को भी नहीं मालूम." मला हसू आवरेना. काय हा माणूस, म्हटलं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून पहिलाच प्रश्न टाकला, "कोणे जोयुं? हे कोणी पाहिलंय?"

मी मनातल्या मनात गल्ली मोजायला लागले. बारडोलीची बहीणही मोजली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अर्जाच्या आधीच जगजाहीर झालेल्या वस्तूला पेटंट मिळत नसतं, म्हणाले. बाहेर आले तर तो टॉवेलवाला माझ्याकडे सुतकाला आल्यासारखा बघत होता.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि घरोघर निघाल्या. "जे देखं ते विसरी जा," दारादारात एकच निरोप. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका माझ्यासमोर ओळीनं उभ्या. "आम्ही काहीच देखं नही!" उखाणेवाली तर म्हणाली, "गोधडी म्हणजे काय ऱ्हास वं?" मी पोट धरधरून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. कारण हा कागद हातून गेला तर मी जन्मभर 'बेन'च राहणार होते, हे मला पक्कं कळत होतं.

सासूबाईंनी हट्ट धरला, मला साहेबाची माफी मागू दे. घेऊन गेले. साहेबांनी त्यांना शांतपणे विचारलं, बायकांनी नक्की काय पाहिलं? फेस पाहिला. आणि चिंधी कशी तयार केली ते?

सासूबाई चक्क भडकल्या. "रंगारीनी पोर शे मी! आम्ही कापड दखाडतस, हंडी नही दखाडतस." हिरड्याचा 'हि'सुद्धा त्यांनी कुणापुढे काढला नव्हता. आणि मी, सगळं शहाणपण पाजळणारी, मलाही त्या दिवशी बायकांनी हिरड्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. फेसावरच त्या खूश होत्या.

साहेब खो खो हसायला लागले. आपण पेटंट मागतोय ते कृतीचं, आणि कृती तर कोणीच पाहिली नाही! अर्ज करता येईल म्हणाले. मी खुर्चीतून उडालेच. दाराशी आजही बसलेल्या टॉवेलवाल्यानं टाळ्या वाजवल्या आणि त्या नादात त्याची पेटी उघडी पडली, ती झाकायला त्याची कोण धांदल!

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. 'खरा आणि पहिला शोधक.' पेनचं टोपण काढून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवस मी ते पूर्ण नाव मनात घोकत होते. तोंड उघडलं, आणि एक क्षण वाटलं, सांगून मोकळं व्हावं. हिरडा कुणाला सुचला, हे कोणी विचारतंय कुठे? शेजारी सासूबाई पंख्याकडे बघत खुशाल बसल्या होत्या. खोटं कशाला बोलू, तो क्षण चांगला लांबला. मग मला ते शेडकार्ड आठवलं, आणि माझीच मला लाज वाटली.

"दोन नावं लिहा," मी म्हटलं. "पहिलं यांचं."

"मनं? मनं कसाले?" त्या गडबडल्या. मी त्यांचं रेशनकार्डावरचं नाव सांगायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. आणि एक वेगळंच नाव सांगितलं. पाच वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, त्याच्या आधीचं. "हिरडा माहेरनी ती पोर शिकेल शे," त्या म्हणाल्या. "तिनंच नाव लिख."

साहेबांनी त्यांची दोन्ही नावं लिहिली, मध्ये 'उर्फ' घालून; खाली माझं.

पोस्टाची पावती घेऊन घरी आलो. नवऱ्यानं अर्जाची प्रत वाचली आणि विचारलं, "तुझ्या वर आई, पण 'उर्फ'च्या आधी ही कोण बाई?"

"तुमची आई."

त्यानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. पेटंट यायला पुढे वर्षं लागली, ते रडगाणं इथे नको. त्या दिवशी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "अर्ज गया ना? आते सांगू?" मी म्हटलं, सांगा, अख्ख्या लिंबायतला सांगा.

सकाळी नळावर शेजारणीनं त्यांना त्या नावानं हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. हंडा भरत राहिल्या. तिनं पुन्हा मारली. हंडा भरून वाहायला लागला तरी त्या तशाच उभ्या, आणि मग एकदम माहेरच्या अंगणातून द्यावी तशी मोठ्ठी ओ दिली.