चढ नसलेला घाट

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. सत्य कितीही खोल पुरले तरी एक दिवस वर येतेच, हे तिने मला शिकवले, असे मी निवृत्तीनंतर दोन-तीन समारंभांत सांगितलेही आहे. खरे म्हणजे त्या प्रकरणातले सत्य वर आले ते माझी पहिली नेमणूक मनाविरुद्ध कोकणात झाली होती म्हणून.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झाले होते. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दिघोरीच्या पुढच्या भागात माझे ठाणे होते. हद्दीत धानाच्या बांध्या, तलाव, थोडे जंगल. गुन्हे बहुतेक पाण्याच्या पाळीवरून आणि मोहाच्या दारूवरून. अशा हद्दीतल्या एका गावातून दोन माणसे सायकलवर समुद्र पाहायला निघाली. एक होते प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि दुसरा सायकल दुरुस्तीचा मिस्त्री. नऊशे किलोमीटर जायचे, सह्याद्रीचा घाट ओलांडायचा आणि समुद्रकाठच्या एका हवापालटाच्या गावी पोचायचे, असा बेत होता. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या पटांगणात त्यांना निरोप दिला गेला. तालुक्याच्या एका पुढाऱ्याने हिरवी झेंडी दाखवली आणि पूर्व-पश्चिम महाराष्ट्राच्या हृदयमीलनावर पाऊण तास भाषण केले. तोवर ऊन चढले, त्यामुळे प्रत्यक्ष प्रस्थान दुपारी जेवणानंतर झाले.

सुट्टी संपताना गुरुजी एकटे परत आले. मिस्त्री समुद्रावरच रमला, मागून येईल, असे त्यांनी सांगितले. गावाने त्यांना हार घातले. शाळेत त्यांचे घाटावर व्याख्यान झाले. रीतसर सत्काराची तारीख ठरली, पत्रके छापली गेली. मिस्त्री मात्र आला नाही.

दहा दिवसांनी गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. असले लोक खबर आणतात तेव्हा आधी पीकपाण्याचे बोलतात आणि उठता उठता मुद्द्याचे सांगतात. दारात उभे राहून ते म्हणाले की गुरुजी मिस्त्रीच्या आईला एक सांगतात आणि दुकानदाराला दुसरे. आईला समुद्रावर राहिला म्हणतात, दुकानदाराला मुंबईला गेला म्हणतात. आणखी एक, मिस्त्रीचा पंप गुरुजींच्या सायकलला लावलेला आहे.

मिस्त्री आपला पंप कुणाला देत नाही, हे पोलिसालाही कळते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची आई आली. विधवा, एकुलता एक मुलगा. मी बेपत्ता इसमाची नोंद घेतली आणि किनाऱ्यावरच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आले की वर्णनाचा इसम तेथील लॉज व धर्मशाळेत मिळून आला नाही. तोवर पुढाऱ्यांपर्यंत बातमी गेली होती आणि तिथून आमच्या वरिष्ठांपर्यंत. सोमवारपर्यंत खुनाचा गुन्हा दाखल करून गुरुजींना अटक करा, असा तोंडी आदेश आला. लेखी मागितला असता आला नसता.

आई रोज ठाण्यासमोरच्या चिंचेखाली येऊन बसे. तिला घरी जायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मेला असन तं मेला म्हना जी, जिता असन तं जिता म्हना. वाट पाहाले मी मोकळी नाई. धान उभा हाये."

शनिवारी मी गुरुजींना चौकशीला बोलावले. आमच्या जमादारांचे चौकशीबद्दलचे मत जुने होते. "मास्तर हाये साहेब, हात उगारला तरी बोलन," ते म्हणाले. मी त्यांना चहा सांगायला पाठवले.

गुरुजी कोट घालून आले होते. बोलणे छापील. मी पंपाबद्दल विचारले. त्यांच्या ट्यूबमधून हवा जात होती म्हणून मिस्त्रीने दिला, म्हणाले. मग मी म्हटले, घाटाचे सांगा. ते खुलले. व्याख्यान पाठ झालेलेच होते. सकाळी सहाला चढाला सुरुवात केली, दुपारपर्यंत चढतच होतो, छाती फुटेल असे वाटले, माथ्यावर पोचलो आणि समोर अथांग सागर पसरलेला.

मी तो घाट ओळखत होतो. त्याच्या पायथ्याच्या ठाण्यात मी दोन वर्षे काढली होती. आपल्या बाजूने जाणाऱ्याला तिथे चढ असा जवळजवळ नाहीच. सगळा मुलूखच उंचावर आहे. रस्ता सरळ चालत कड्यापर्यंत येतो आणि एकदम खाली कोसळतो. छाती फुटते ती खालून वर येणाऱ्याची. वरून समुद्रही दिसत नाही, दिसतात त्या आणखी टेकड्या. पण भंडाऱ्याच्या माणसाने डोंगर पाहिलेला असतो तो धानाच्या बांध्यांतून वर आलेली एकटी टेकडी. या अंगाने चढायचे, त्या अंगाने उतरायचे. गुरुजींनी सह्याद्री तसाच रचला होता.

मी बाहेर जाऊन त्यांची सायकल पाहिली. ब्रेकच्या रबरांवर कारखान्याची अक्षरे शाबूत होती. तो घाट उतरलेल्या सायकलला रबर उरत नाही.

परत येऊन मी म्हटले, "गुरुजी, तुम्ही घाटापर्यंत गेलाच नाहीत."

मग छापील भाषा गेली. पाचव्या दिवशी गुडघे सुजले, अकोल्याला बायकोच्या भावाच्या, साळ्याच्या घरी थांबले, मिस्त्री एकटा पुढे गेला. उरलेली सुट्टी त्यांनी साळ्याकडे काढली आणि सायकल रेल्वेत टाकून परत आले.

"साहेब, मी तिकडं गेलोच नाई हे गावात नोका सांगू," ते म्हणाले. "बाकी काय लिहाचं ते लिहा."

"बाकी म्हणजे खून आहे, गुरुजी. तीनशे दोन."

माझी समजूत होती की गुरुजी घाबरले. नीट पाहिले तेव्हा कळले की ते विचार करत होते.

मी खिडकी उघडली. चिंचेखाली म्हातारी बसली होती. मी एवढेच सांगितले की ती सकाळपासून तिथे आहे, आणि सगळ्या गावाचा धान कापून झाला, तिचा उभा आहे. गुरुजींनी एकदा बाहेर पाहिले आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवले.

त्या गावचे टपाल शाळेत उतरे. वाचता न येणाऱ्यांची पत्रे गुरुजीच वाचून दाखवत. कार्ड आईच्या नावे होते, 'द्वारा गुरुजी'. मजकूर मिस्त्रीचा: घाटात ब्रेकचे रबर गेले, पडलो, पाय मोडला, पायथ्याच्या दवाखान्यात आहे, आईला सांगा घोर करू नको. शेवटी गुरुजींसाठी एक ओळ होती. 'तुमी अकोल्याहून वापस गेले ते बरं झालं, हे तुमच्याच्यानं झालं नसतं.'

कार्ड त्यांच्या खिशात आठ दिवस होते. मी विचारले, लपवायचेच होते तर फाडले का नाही?

"टपाल हाये साहेब," गुरुजी म्हणाले. "टपाल कसं फाडाचं?"

मी म्हातारीला आत बोलावले आणि गुरुजींना कार्ड मोठ्याने वाचायला सांगितले, शेवटच्या ओळीसकट. त्यांनी वाचले. जमादार चहा घेऊन दारात उभे होते. म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कोनता पाय?"

गुरुजींनी कार्ड उलटेपालटे केले. ते लिहिलेले नव्हते. तिने कार्ड त्यांच्या हातातून घेतले, पदराला बांधले आणि धान कापायला गेली.

दवाखान्याकडे संदेश गेला, संध्याकाळी दुजोरा आला. वरिष्ठांचा तोंडी आदेश तोंडीच मागे घेतला गेला. दुसऱ्याचे टपाल दडवणे हा गुन्हा आहे, पण ज्यांचे टपाल ते तक्रार द्यायला आले नाहीत, आणि मीही त्यांच्या मागे लागलो नाही. सत्कारही झाला, कारण पत्रके वाटून झाली होती. गुरुजी त्या दिवशी साळ्याकडे गेले होते.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे: माणूस फासाला भितो त्याहून जास्त आपल्या गावाच्या हसण्याला भितो. चौकशीत शिक्षेची भीती घालण्यापेक्षा त्याला हसणारे कोण आहेत ते शोधावे. त्यानंतर मी बऱ्याच प्रकरणांत हे वापरले आणि क्वचितच चुकले. समुद्र पाहायला निघालेल्या एका साध्या मिस्त्रीने मात्र बढाई न मारता घाट उतरून दाखवला, याचाही मला आदर वाटत आला आहे.

दीड महिन्याने तो रेल्वेने परत आला. पाय डावा होता. नोंद निकाली काढण्यासाठी मी त्याचा जबाब घेतला आणि जाता जाता समुद्र कसा वाटला ते विचारले.

तो म्हणाला, दवाखान्यातून सरळ स्टेशनवर नेले, समुद्र पाहिलाच नाही. दवाखान्याच्या खिडकीतून धानाच्या बांध्या दिसत होत्या.

मी तसे लिहून घेतले आणि त्याची सही घेतली.