मुद्दाम राखलेलं तण

डॉ. साधना वासनिक हिला नात्यात कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, "गवतवाली" म्हणतात. विमान नाही, रॉकेट नाही, बाई बावीस वर्षं तणाच्या मागे लागलेली, मग दुसरं म्हणणार तरी काय. तिनंही कधी मनाला लावून घेतलं नाही.

वडिलांची, शामरावांची, रेल्वेत वर्ध्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा ती सहा वर्षांची होती. खातीपुऱ्यात बिऱ्हाड मांडलं ते कायमचं. पण त्याआधीची एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. आई, द्वारकाबाई, दिवसभर लोकांच्या वावरात वाकून तण निंदायला जायची आणि संध्याकाळी आली की दाराची चौकट धरून उभी राहायची. कंबर सरळ व्हायला वेळ लागे. तोवर पोरीनं पाण्याचा गडवा हातात धरून वाट पाहायची. पुढे शेतकी शिकताना विषय निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या मुलांनी बियाणं घेतलं, कुणी फळबाग घेतली. हिनं तण घेतलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

जयपूरबाहेर बस्सीजवळच्या संशोधन केंद्रावर तिचा हरभऱ्याचा प्रयोग चालू होता. बायकांना उभ्यानं, पाठ न वाकवता चालवता येईल असा तण काढायचा हलका, एका चाकाचा डवरा तिनं तयार करून घेतला होता. तो हातनिंदणीच्या तोडीस तोड आहे हे तीन हिवाळे दाखवायचं, मग शिफारस. दोन झाले होते, हा तिसरा. वाफे नऊ: तीन डवऱ्याचे, तीन हातनिंदणीचे आणि तीन मुद्दाम तणात सोडलेले. तणात बुडालेल्या पिकाचं किती नुकसान होतं ते कळल्याशिवाय बाकीच्यांचा फायदा मोजणार कशाशी? म्हणून या तीन वाफ्यांना हातही लावायचा नाही, असा तिचा सक्त हुकूम होता.

सोमवारी तपासणीला माणसं यायची होती. त्याआधीच्या शनिवारी ती आईला सोबत घेऊन गेली. शामराव गेल्यापासून म्हातारी घरात नुसती बसून असायची, जरा ऊन खाईल म्हणून. तिला बांधावर खुर्ची दिली आणि साधना कागदांच्या कामाला जयपूरला गेली.

तीन वाजता परतली तर शेत सलूनमधून आल्यासारखं. एक पातं कुठे दिसेना. बांधावर बथुव्याचे, म्हणजे रानचाकवताचे, ढीग, कामावरच्या दोन बाया हात झटकत उभ्या, आणि आईच्या हातात खुरपं.

"काहून वं साधने, तुह्या वावरात इतकं तण? सोमवारी सायब लोकं आले अस्ते तं काय म्हनले अस्ते? मी या दोघींना लावलं अन् निंदून टाकलं समदं," द्वारकाबाई अभिमानानं म्हणाल्या.

बायांना वाटलं होतं, मॅडमची आई सांगतेय म्हणजे मॅडमचाच हुकूम. त्यांना तरी काय बोलणार?

साधनाला रडू आलं नाही, राग आला. इतका, की ती पंपाच्या खोलीमागे जाऊन उभी राहिली. जिच्या कमरेसाठी हे सारं मांडलं, तिनंच वाकून ते उपटून टाकावं. मग परत येऊन तिनं आईला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे.  म्हातारीनं खुरपं हळूच खाली ठेवलं.

विभागप्रमुख समजूतदार निघाले, जरा जास्तच. "गेल्या वर्षाचे आकडे आहेत ना? थोडे वरखाली करून भरा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," साधना म्हणाली. "उद्या एखादी बाई या शिफारशीवर भरवसा ठेवून डवरा घेईल."

तिनं वर्ष रद्द केलं. तपासणीवाल्यांसमोर जे घडलं ते घडलं तसं सांगितलं, शेरा खाल्ला, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हरभरा पेरला. त्या हिवाळ्यात द्वारकाबाई स्वतःहून आल्या. रोज सकाळी काठी घेऊन तणाच्या वाफ्यापाशी बसायच्या. कुणी बाई भाजीसाठी बथुवा खुडायला वाकली की मोडक्या हिंदीत दटावायच्या, "ये मेरे बेटी का घास है, हाथ मत लगाओ." बकऱ्यांनाही तेच. त्यांचे स्वतःचे हात शिवशिवत असणार, नाही कसे? पण मांडीखाली दाबून बसायच्या.

आकडे आले, शिफारस मंजूर झाली. त्याच्या पुढच्या थंडीत बस्सीच्या एका शेतात बायकांना डवरा दाखवायचा होता. सगळ्यांचं आटोपल्यावर द्वारकाबाई पुढे झाल्या.

"हे वावर तुह्या कामाचं नाही ना?" आधी विचारून घेतलं.

"नाही आई. चालव."

त्यांनी दांडा धरला आणि एक अख्खी ओळ उभ्यानं चालत गेल्या. टोकाला पोचल्यावर सवयीनं त्यांचा हात कमरेवर गेला. या वेळी कंबर धरलीच नव्हती. हात तसाच राहिला.

"लय उशीर केला वं साधने," त्या म्हणाल्या.

 साधनानं तरी सोडलं नाही. "त्यातलं एक वर्ष तुझं आहे."

"हाये ना, मीच घेतलं ते," द्वारकाबाई म्हणाल्या आणि डवरा वळवून त्यांनी दुसरी ओळ धरली.