टिन गप्प झालं तेव्हा

लग्न होऊन मी काटोलहून नागपूरला आले तेव्हा आमच्या लेआउटात सहा-सात घरं होती, बाकी बाभळी आणि चुन्याच्या रेघा मारलेले रिकामे प्लॉट. त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे रेडिओ केंद्राचा टॉवर उभा, तांबडा-पांढरा, चारी बाजूंनी जाड तारांनी ताणून धरलेला. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीत आंघोळीला बसले आणि डोक्यावरचं टिन बोलायला लागलं. कोणी बाई शेतकऱ्यांना कपाशीवरची फवारणी समजावून सांगत होती. माय वं! मी लुगडं कसंबसं गुंडाळून बाहेर पळाले, तर आमचे हे ओसरीत बसून पोट धरून हसत होते.

भूत वगैरे काही नाही, म्हणाले. टॉवरच्या लहरी इथल्या सगळ्या लोखंडात उतरतात, आणि जिथे गंजलेला खिळा टिनाला घासून बसलाय तिथे आपोआप रेडिओ तयार होतो. वीज नको, सेल नको. त्यांना यात मोठी गंमत वाटायची. मला पुढे कित्येक दिवस न्हाणीत पाणी अंगावर घ्यायची भीती वाटली.

हे हिंगण्याच्या एका कारखान्यात दाब-तापमान मोजायची मीटरं दुरुस्त करायचे. पण खरा जीव अडकला होता हॅम रेडिओत, हौसेखातर घरून बिनतारी बोलण्यात. सरकारचं लायसन काचेत मढवून भिंतीवर लावलं होतं, त्याच्याखाली कबाड्याकडून आणलेल्या लष्करी सामानातून स्वतः बनवलेला सेट. गच्चीवर दोन पाइपांच्या मध्ये लांबलचक तांब्याची तार, ती त्यांची अँटेना. घरी बसून हैदराबाद, कोलंबो, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी बोलायचे, नाहीतर मोर्सची की, म्हणजे टकटक करून संदेश पाठवायची खटकी, वाजवत बसायचे. ती की दाबताना त्यांची बोटं अशी हलकी चालायची की मी पोळ्या लाटता लाटता पाहत बसायची.

आणि असा माणूस घर बांधतो कुठे, तर टॉवरच्या पायाशी! टॉवर चालू असला की यांच्या सेटमध्ये दुसरं काही ऐकूच येत नसे. तो आवाज गाळायला यांनी कॉइली गुंडाळल्या, डबे जोडले, काही उपयोग झाला नाही. मग एकच वाट उरली. दुपारी तीनला टॉवर बंद व्हायचा, पाचला पुन्हा सुरू. पहिली पाळी संपवून हे मोटारसायकल दामटत यायचे, जेवण ताटात निवत पडायचं, आणि ते दोन तास सेटला चिकटलेले. मी चिडायची, पण ते दोन तास त्यांच्या तोंडावर जे तेज असायचं ते पाहून पुन्हा गप्पही बसायची.

पहिल्या वर्षीच एकदा मी ओलं पातळ तारेवर वाळत घातलं आणि बोट चिकटल्यासारखं झालं. दुखलं नाही. नुसता टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उठला आणि नख जळल्याचा वास आला. दुखणं रात्री सुरू झालं, आणि जखम भरायला महिना लागला. ती आतून भाजलेली होती. यांचं हसणं त्या दिवशी बंद झालं. वाळत घालायची तार काढून सुंभ बांधला, आणि मला समोर बसवून सांगितलं, "टॉवर चालू असला की अँटेनाले हात लावाचा नाही. मी वर असलो तर माहा जीव तुह्या हातात आहे, समजलं?"

मग आमची रीत ठरली. हे गच्चीवर तार दुरुस्त करायला चढले की मी खाली न्हाणीपाशी उभी राहायची. दुपारचा कार्यक्रम संपला की टिनातली बाई "सभा समाप्त" म्हणायची, टिन गप्प व्हायचं. पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. आवाज थांबला म्हणजे टॉवर थांबला असं नसतं, हे यांनी मला दहादा बजावलं होतं. बोलणारा गप्प बसला तरी लहर पूर्ण जोरात वाहत असते. म्हणून न्हाणीच्या बाहेर, भिंतीच्या कोपऱ्यात एक जुनी ट्यूबलाइट उभी ठेवलेली असे. ती हातात घेऊन अँटेनाच्या खाली लोंबत्या तारेजवळ न्यायची. टॉवर चालू असला तर ती बिनवायरची ट्यूब हातातच उजळायची, पाहूनच अंगावर काटा यायचा. विझलेली राहिली की मी ओरडायची, "हाव, बंद झालं." त्यानंतरच ते तारेला हात घालायचे.

चार वर्षं एकदाही चूक झाली नाही. आणि मग तो मे महिन्यातला रविवार आला.

माझी आई काटोलला आजारी होती. तीन रविवार हे "नेतो, नेतो" म्हणत होते, आणि चौथ्या रविवारी सकाळपासून मी पिशवी भरून बसले होते. पण शनिवारी संध्याकाळी वादळ झालं आणि अँटेना मधोमध तुटली. चार वाजता हैदराबादच्या दोस्ताशी बोलायचं ठरलेलं, तो वाट पाहील, तार जोडतो आणि मग निघू, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, मी वाट पाहते ते काहीच नाही? ते पक्कड घेऊन गच्चीचा जिना चढले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका.

अखंड तार खाली जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडता यायची, मग तिच्यातला जोर मातीत निघून जायचा. तुटलेला तुकडा कशालाच जोडलेला नव्हता. पाइपावरून लोंबत होता, ऊन लागून चमकत होता. हे गच्चीच्या कठड्यावर उभे, डोक्याला ओला पंचा. मी न्हाणीपाशी, तोंड फुगवून. टिनात कोणी म्हातारा गात होता. तीनला पाचेक मिनिटं असतील, आणि गाणं अर्ध्यात तुटलं. "सभा समाप्त" नाही, काही नाही. नुसतं गप्प.

"झालं का वं बंद?" वरून विचारलं.

ट्यूब माझ्यापासून दोन हातांवर होती. मला ती उचलावीशी वाटली नाही. हे एकदाचं उरकावं, पाचच्या बसनं तरी काटोल गाठावं, एवढंच डोक्यात होतं. मी वरही न पाहता म्हटलं, "हाव, झालं."

ओरडण्याचा आवाज आला नाही. मी वर पाहिलं तेव्हा त्यांची मूठ तारेवर होती आणि मुठीतून निळी रेघ निघत होती. त्यांनी हात झटकला, मागे गेले आणि कठड्यावरून न्हाणीच्या टिनावर आडवे पडले. टिन वाकलं, पण तुटलं नाही, म्हणून जीव वाचला. मी त्यांच्यापर्यंत पोचते तोवर त्यांच्या पाठीखालचं ते टिन पुन्हा बोलायला लागलं. व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत, म्हणाली ती बाई, आणि गाणं पुढे सुरू झालं.

शेजाऱ्यांनी जीप मिळवून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते सांधता आलं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आत हाडापर्यंत भाजली होती. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण त्यांना स्पर्श कळणार नाही. मोर्सची की दाबायची ती हीच बोटं.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्या खाटेपाशी खाली बसले आणि सांगून टाकलं की मी ट्यूब पाहिलीच नव्हती, रागात होते.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "ट्यूब कोपऱ्यात उभी होती. वरून दिसत होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दिसत होती? मंग हात काहून लावला जी?"

"तू हाव म्हणाली ना."

एवढंच. रागावले असते, हाकलून दिलं असतं, तर मला सोसलं असतं. मी व्हरांड्यात जाऊन लुगड्याचा पदर तोंडात कोंबून रडले.

दिवाळीच्या सुमारास ते काठी टेकत गच्चीवर चढले. डाव्या हातानं की चालवायला शिकत होते, आणि त्यासाठी तार पुन्हा बांधायची होती. मी खूप भांडले, ऐकलं नाही. तीन वाजले, टिनातली बाई "सभा समाप्त" म्हणाली, टिन गप्प झालं. मी ट्यूब तारेजवळ नेली. मग दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली, त्यांना नीट दिसावी म्हणून. विझलेली होती.

त्यांनी ट्यूबकडे पाहिलंच नाही. डावा हात तारेपासून वीतभर लांब धरून माझ्याकडे पाहत उभे राहिले.

"तू सांग," म्हणाले.

माझ्या तोंडून तो शब्द काही केल्या फुटेना, आणि ते हात तसाच धरून थांबले होते.