माझ्या फिकरीपायी

ये वं पोरी, जवळ सरक. मी लिहून राह्यली म्हणून काय झालं, तू समोर बसली आहेस असंच धरून मी बोलते. आधी थोडं रागावून घेते. संक्रांतीला आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्या डोक्याला तेल लावून दिलंस, आणि जे सांगायला आली होतीस ते पोटात तसंच ठेवून निर्मलला परत गेलीस. असं करतात काय? तुझ्या बापानं फोनवर सांगितलं, तू आदिलाबादला जाऊन तपासून आलीस म्हणून. काय निघालं ते तू त्यालाही नीट सांगितलं नाहीस. "आजीले नोको सांगू म्हणे थे," असं म्हणता म्हणता तो सांगून बसला. त्याच्यावर चिडू नको. त्याला आता गोष्टी लपवायची भीती वाटते.

तुझी आई गेली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, हिच्या पोरीनं दरसाली छाती दाखवून घ्यावी. तू दाखवलंस, चांगलं केलंस. मला सांगितलं नाहीस, त्याचं कारण मला माहीत आहे. ते कारण मीच आहे. पण ते कसं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. आपल्या घरात त्या गोष्टीवर कोणी बोलत नाही. तू तेव्हा हॉस्टेलात होतीस. म्हणून मीच लिहिते. बोलताना मी मले-तुले म्हणते, पण लिहायला मला तुझ्या आईनं तिच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकवलं, त्यामुळे हात आपोआप मला-तुला लिहितो. चुकलं तर हसू नको.

आमच्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केलं. आम्ही पोरं झाडाखाली. ती एका ओळीत चार वेळा वाकलेली उठून आमच्याकडं पाहायची. साप, विहीर, बैल, सगळं तिला दिसायचं. मला वाटलं, माया अशीच करतात. तुझे आजोबा गेले आणि एकच लेक उरली, तेव्हा तर मी दुसरं कामच केलं नाही. गॅस बंद केला का, हे तीनदा पाहायचं. कुलूप ओढून पाहायचं, गल्लीच्या टोकावरून परत येऊन पुन्हा ओढायचं. आणि तुझ्या आईची बस.

तुमचं घर उटनूरला, तिची शाळा नार्नूरच्या पुढं. रोज सकाळी बस, मग ऑटो. मी इकडं इचोड्यात घड्याळासमोर. एकदा बस पंक्चर झाली आणि तिचा फोन लागेना. मी शेजारणीच्या नातवाकडून शाळेचा नंबर काढला, हेडमास्तरांना फोन लावला आणि रडायला लागले. ते बिचारे तेलुगूत म्हणत राहिले, "एमी कालेदु अम्मा, एमी कालेदु," काही झालं नाही, काही झालं नाही. माझं समाधान होईना. मग तुझ्या बापाला फोन. त्यानं कचेरीत अर्ध्या दिवसाच्या सुट्टीची दरखास्त दिली आणि मोटारसायकलवर निघाला. पोचला तर ही तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून राह्यली.

त्या रविवारी आली ती पिशवी आपटतच.

"आई, तू हेडमास्तरले काऊन फोन लावला? समदा स्टाफ हासून राह्यला माह्यावर. म्हंते, मेडम, तुमची हाजरी तं तुमची मायच घेते."

"हासू दे. तू माय झाली की समजंन तुले."

"मी माय हाओच ना वं! माही पोरगी नववीत हाये!"

मग तिनंच तोड काढली. बसमध्ये बसली की एक रिंग देऊन बंद करायचं, शाळेत पोचली की दोन. परत येताना तसंच. मी फोन उचलायचा नाही. पुढं फोनवर बोलणं फुकट झालं तरी आमच्या रिंगा चालूच राहिल्या. कारण ती बोलली असती तर मी विचारलं असतं, आवाज काऊन बसला, जेवली काय, चक्कर येऊन राह्यली काय. रिंगेला आवाज नसतो. तिला ते बरं पडलं, आणि खरं सांगू, मलाही. दोन रिंगा वाजल्या की माझा जीव संध्याकाळपर्यंत जागेवर.

मग एका श्रावणात आंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. तिनं तुझ्या बापाला सांगितलं आणि लगेच म्हणाली, "आईले नोको सांगू. थे जेवण सोडंन, समदी गल्ली गोळा करंन, अन् मंग मले तिलेच सांभाळा लागंन." आदिलाबादच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरला सांगितलं, लवकर ऑपरेशन करा. ऑपरेशन म्हणजे पंधरा-वीस दिवस घराबाहेर. आता रोज चार वेळा रिंगा मोजणाऱ्या बाईपासून पंधरा दिवस कसे लपवायचे? तिनं हिशेब केला, उन्हाळ्याच्या सुट्टीत करू, आईला ट्रेनिंग आहे म्हणून सांगू.

तो सगळा हिवाळा गेला, पोरी. रिंगा रोज वेळेवर आल्या. नागपूरला तपासायला गेली त्या दिवशीसुद्धा, दवाखान्याच्या बाकावर बसून, शाळा भरायच्या वेळेला, दोन. मी फोन बाजूला ठेवला आणि मेथी निवडायला बसले असेन. दुपारी झोपले असेन. मला तो दिवस कोणता, तेही माहीत नाही.

जेठात मी कुरड्यांचा डबा घेऊन न सांगता उटनूरला गेले. ट्रेनिंगला गेलेली लेक घरीच होती, पलंगावर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. ऑपरेशननंतरच्या औषधानं ओढणीखाली केस उरले नव्हते. मी डबा खाली ठेवला आणि तिथंच बसून गळा काढला. काय झालं, कुठं दुखतं, काही विचारलं नाही. तीच उठली, भिंतीला धरून मोरीपर्यंत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आली. पुढचे तीन महिने असंच. आजारी ती, आणि धीर द्यायचा मला. माझ्या रडण्यापुढं तिला कधी रडायला मिळालं नाही. भादव्यात ती गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, थोडं आधी यायला पाहिजे होतं. मी तुझ्या बापाला विचारलं, "आधी काऊन नाई नेलं?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पायांतल्या चपलेकडं. "सुट्टी भेटत नव्हती," म्हणाला. ते मी दोन वर्षं खरं धरलं आणि दोन वर्षं त्याला बोल लावला, विहारातल्या बायांपुढंसुद्धा. त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. मग तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला वंदना झाली, लोक खीर खाऊन गेले, आणि सतरंजी घडी करता करता तो हळूच म्हणाला, "आई, थे तुमच्यासाठी थांबली होती." आणि सगळं सांगितलं. रागानं सांगितलं असतं तर मी भांडले असते. तो सतरंजीचं एक टोक धरून उभा होता, दुसरं माझ्या हातात.

आधी गेली असती तर वाचली असती का? डॉक्टरीणबाईंनी तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची हिंमत अजून नाही.

त्यानंतर मी ही फिकरीची सवय मोडायला घेतली. मोडायला घेतली म्हणते, मोडली असं म्हणत नाही. आपली भाजीवाली शेजारीण तुला माहीत आहे, जिचा वांग्याचा मळा आहे आणि जिभेला हाड नाही. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती पदर डोळ्याला लावेल. ती म्हणाली, "तुह्यासारकी बाई घरात असती तं म्या बी काई सांगितलं नसतं." मग तिनंच हा धंदा सुरू केला. रोज सकाळी बाजाराला निघण्याआधी माझ्या ओट्यावर टेकते, मेथीची जुडी माझ्यापुढं टाकते, आणि एक वाईट बातमी सांगते. खरी. मी मेथी निवडत राहायचं. हात थांबला की हरले.

"ढाब्यापाशी ट्रकनं दोघं उडवले."

"अगो माय!"

"थांबला हात. उद्या दोन जुड्या आणतो."

सहा महिने मी रोज हरले. तिच्या घरची गोष्ट असली तर आणखीच. एकदा येऊन म्हणाली, सून मोरीत घसरली, पाय मोडला. त्या दिवशी माझा हात चालत राहिला. "कोणता पाय?" म्हणाले. "प्लास्टर घातलं काय? मी भाकरी आणून देऊ काय आठ दिवस?" तिनं दुसरी जुडी टोपलीत परत ठेवली. "हे बग," म्हणाली, "असं इचारलं की सांगणाऱ्याले बरं वाटते." आठ दिवस मी भाकऱ्या नेऊन दिल्या. जन्मात पहिल्यांदा माझी फिकर कोणाच्या तरी उपयोगी पडली.

तुला घडीघडी फोन लावू नये म्हणून मी फोन दुपारपर्यंत ज्वारीच्या डब्यात ठेवते, हेही खरं आहे. दोनदा झाकण उघडून पाहते, हेही खरं आहे.

आता संक्रांतीचं. मी भाकरी थापत होते, तू चुलीपाशी बसली होतीस. तू म्हणालीस, "आजी, मले तुले एक सांगायचं होतं." आणि माझा हात परातीत थांबला. तू आधी माझ्या हाताकडं पाहिलंस, मग तोंडाकडं.

"काय वं?"

"काई नाई. वांग्यात मीठ कमी हाये."

मीठ बरोबर होतं. मी खाऊन पाहिलं होतं. तरी उठून मीठ दिलं, आणि तू ते खारट वांगं मुकाट्यानं खाल्लंस. मी पुढं विचारलं नाही. मनाला सांगितलं, बघ, सुधारली मी, पोरीच्या मागं लागली नाही. शेजारणीला कौतुकानं सांगायला गेले तर ती भडकलीच. "हात थांबला तं थांबला, तोंड होतं ना? इचारा लागत होतं! भेली तू, अन् म्हंते सुधारली!" खरं बोलली. ते भेणंच होतं. लेकीच्या वेळी मी गळा काढून ऐकलं नाही, तुझ्या वेळी गप्प बसून.

तर आता विचारते. काय निघालं? कधीची तारीख दिली? माझं काय काम? तारीख दिली असेल तर माझ्यासाठी एक दिवसही पुढं ढकलू नको, सुट्टीची वाट पाहू नको. नागपूरला जायचं असेल तर मी येते, बाहेर बसते, पिशवी धरते. येऊ नको म्हणालीस तर येत नाही, इथं बसते. आणि काहीच निघालं नसेल तर तेही तोंडानं येऊन सांग, तुझ्या बापाच्या फोनवरून नको.

मी रडणार नाही असं वचन देत नाही. डोळे भरतील, तोंड वाकडं होईल, म्हातारं तोंड आहे ते. तू थोडं थांब, आणि पुढचं बोल. मला पाणी आणून देऊ नको. मी उठून घेईन.

निर्मलची बस इचोड्यात सरळ येते, उतरायचं म्हणजे फक्त रस्ता ओलांडायचा. या रविवारी ये. रविवार जमत नसेल तर मधल्या वारी ये, संध्याकाळी परत जा. पण हा आठवडा जाऊ देऊ नको, माय. लवकर ये.