गोरे सर आणि एका फ्लॉपीचं गाठोडं

गेल्या सोमवारी दुपारी नगरच्या एमआयडीसीतलं एक जुनं लेथ मशीन दोन महिन्यांनी पुन्हा फिरलं. वर्कशॉपच्या मालकीणबाई सुनंदाताई जगताप यांनी स्वतः फोन करून ही बातमी पक्की केली. मागे मशीनचा आवाज होता, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मशीन चालू करणारे होते काष्टीचे दत्तात्रय गोरे सर. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सरांचं यंदा अमृतमहोत्सवी वर्ष आहे.

सरांची माझी ओळख अशाच एका बंद पडलेल्या यंत्रापाशी झाली. आमच्या दैनिकाचं पान लावणारा संगणक ऐन संध्याकाळी अडला होता. सर आले, आम्हा सगळ्यांची आरडाओरड शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आधी चहा सांगा. घाईनं उघडलेलं यंत्र घाईनंच बिघडतं." अंक वेळेवर निघाला.

सुनंदाताईंचं लेथ संगणकावर चालतं, आणि तो संगणक फ्लॉपीच्या काळातला. त्याची हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, पण त्याला ना सीडी कळते, ना पेन ड्राइव्ह. सिस्टीम चढवायची तर फ्लॉपीवरूनच, आणि फ्लॉपीवर जेमतेम एक मोबाईल फोटो मावेल एवढी जागा. मशीन भंगारात काढायचं ठरत आलं होतं. वीस वर्षं ते चालवणारे ऑपरेटर भाऊसाहेब सरांना म्हणाले, "हे गेलं तर मला दुसरं येत न्हाई, सर."

सरांनी घरी बसून सिस्टीममधलं नको ते काढलं, उरलेलं दाबून एका फ्लॉपीत बसवलं. मला समजावताना ते म्हणाले, "हे कोंबून बांधलेलं गाठोडं आहे. एक गाठ बिघडली की आतलं काहीच हाती लागत नाही." घरच्या संगणकावर फ्लॉपी छान उघडायची, नगरला मात्र मध्येच थांबायची. मशीनची मेमरी कमी आहे, आपणच पुरेसं आवरलं नाही, असं धरून सर परत जात, आणखी काहीतरी काढत आणि पुन्हा एसटीनं येत. अशा चार खेपा झाल्या. दोष आधी स्वतःच्या हातात शोधायचा, ही त्यांची जुनी खोड.

चौथ्या खेपेला भाऊसाहेब संकोचत म्हणाले, "सर, ही एकच फ्लॉपी दर टायमाला येगळ्याच जागी अडकतीय. मघाशी निम्म्यात, आता पार शेवटाला."

सरांच्या लक्षात आलं. चूक गाठोड्यात असती तर ते दर वेळी एकाच जागी अडलं असतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडला. आत हळद, कुंकू आणि एक अक्षत.

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "गेल्या खंडेनवमीला बोट आतपर्यंत घातलं हुतं म्या. म्हनलं, पूजा नीट झाली पायजे."

सगळ्यांना वाटलं, आता सर बोलणार. सर हसले. "पूजा पावली की, भाऊसाहेब. चार वेळा तुमची भेट झाली. पहिल्याच दिवशी ड्राइव्ह उघडला नाही, ती चूक माझी." मऊ फडक्यानं आणि स्पिरिटनं त्यांनी ड्राइव्ह पुसला. फ्लॉपी शेवटपर्यंत वाचली गेली. पडद्यावर सिस्टीम उभी राहिली तेव्हा भाऊसाहेबांनी मशीनवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

निघताना सरांनी एका कोऱ्या फ्लॉपीवर पेन्सिलीनं 'पूजेची' असं लिहून ती त्यांच्या हाती दिली. हळदकुंकू यापुढे हिलाच. माणसाची श्रद्धा न दुखवता यंत्र राखण्याची ही हातोटी सरांनी वर्गात कधी शिकवली नाही; त्यांच्या मागे उभं राहून ती आम्ही उचलली.

पुढच्या आठवड्यात सर पुन्हा नगरला येतील. जादा फ्लॉपी कशी बनवायची ते भाऊसाहेबांना शिकवायचं आहे. खंडेनवमीलाही येण्याचं त्यांनी कबूल केलं आहे. सरांना ठणठणीत प्रकृती लाभो आणि अशा पुष्कळ खंडेनवम्या त्यांच्या वाट्याला येवोत. यंदा कुंकवाचं पहिलं बोट मशीनला नाही, सरांच्या कपाळी लागणार आहे. भाऊसाहेबांनी ते आताच ठरवून टाकलं आहे.