टेस्टरकाकूंचे अडतीस डबे

टेस्टरकाकूंच्या अंबाड्यात फूल कुणी पाहिलं नाही. तिथं टेस्टर खोचलेला असायचा, पिवळ्या मुठीचा. बोलता बोलता हात मागं जायचा, टेस्टर निघायचा, स्क्रू फिरायचा आणि टेस्टर पुन्हा अंबाड्यात. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव आठवायला त्यांच्या नवऱ्यालासुद्धा क्षणभर लागायचं. नवरा म्हणजे कंडक्टरकाका. बसमधून रिटायर झाले तरी दुकानाच्या दाराशीच बसायचे आणि आलेल्या माणसाला सांगायचे, "आत सरका, आत सरका."

काकू गिरणीवाल्याची पोर. गावात बापाची पिठाची गिरणी होती. मोटर जळली की बाप तारा गुंडाळायचा आणि ही नऊ वर्षांची पोर शेजारी बसून वेढे मोजायची. यंत्राला कान लावून रोग ओळखायची विद्या तिथली. दुसरी शिकवण, ज्याचं दळण त्याच्याच पिशवीत. मूठभर पीठ इकडचं तिकडं झालं तर बाप गिरणीचा पट्टा उतरवून गिऱ्हाइकाच्या घरी माफी मागायला जायचा. लग्न होऊन शहरात आल्यावर काकूंनी आधी मिक्सर दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि पुढं कॉम्प्युटर जोडून विकायला लागल्या. शटरएवढं रुंद दुकान, आत एक टेबल, वर पोटमाळा.

कॉम्प्युटर म्हटलं की त्यात घालायचं सॉफ्टवेअर आलं. समोरचा झेरॉक्सवाला एकाच सीडीवरून अख्ख्या वस्तीला ते वाटायचा. काकू मात्र कंपनीचा सीलबंद डबा मागवायच्या. डब्यावर चकचकीत स्टिकर, स्टिकरवर पंचवीस अक्षरांचा आणि आकड्यांचा परवाना. हा परवाना काकू स्वतः कधी टाइप करत नसत. ग्राहकाला खुर्चीत बसवायच्या आणि म्हणायच्या, "मोठ्यानं वाचा आणि आपल्या बोटानं दाबा. घर तुमचं, किल्ली तुम्हीच फिरवा." चष्मे पुसण्यात, 'ओ' की शून्य हे भांडण्यात अर्धा तास जायचा. मग स्टिकरच्या कडेवर ग्राहकाची सही, काकूंची सही आणि तारीख. "डबा फेकलात तर गाठ माझ्याशी आहे."

झेरॉक्सवाला पायरीवर उभा राहून हसायचा. "काकू, तुमच्याकडनं कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे रजिस्टर लग्न लावल्यासारखं आहे."

"आणि तुझ्याकडनं घ्यायचा म्हणजे पळवून आणल्यासारखा," काकू वर न बघता म्हणायच्या.

अशी अडतीस घरं झाली. आणि एका बुधवारी सकाळी, दुकान झाडून व्हायच्या आत, शिंपी धापा टाकत आला. त्याच्या मागं वेल्डर. त्याच्या मागं शाळेच्या मोठ्या बाई, हातगाडीवर कॉम्प्युटर घालून. आणि सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांच्या आधी ऐकू येणारा, भोंगा. भोंगा म्हणजे स्टेशनवर तीस वर्षं गाड्या पुकारलेला माणूस. त्याला हळू बोलताच येत नसे. बायकोशी गुपित बोलायचं तर म्हणे चिठ्ठी लिहायचा.

"काकू! हे काय आहे? रात्री बंद केला तेव्हा चांगला होता. सकाळी लावला तर पडदा काळाठिक्कर! आणि वर काय लिहून येतंय ऐका!" भोंग्यानं कागद उलगडला. "तुमच्याकडील प्रत अस्सल नाही. विक्रेत्याने तुमची फसवणूक केलेली असू शकते!"

सगळी गल्ली थांबली. इस्त्रीवाल्याची इस्त्री शर्टावर राहिली.

"माझ्याकडं पण हेच," शिंपी म्हणाला.

"माझ्याकडं पण," वेल्डर म्हणाला.

मोठ्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर उचलून काकूंच्या पायरीवर ठेवला, पदर नीट केला आणि निघून गेल्या. काकूंना लागलं ते तेवढंच. शिव्या माणूस झटकून टाकतो, पायरीवर ठेवलेली वस्तू झटकता येत नाही.

दुपारपर्यंत सदतीस घरांतून निरोप आले. काकूंनी कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "आपण आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधावा." काकू म्हणाल्या, "बाई, विक्रेता मीच आहे." तिकडची गोड बाई यंत्र होती. तिनं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

आणि झेरॉक्सवाल्याकडची घरं? एकातही काही नाही! त्याच्या सीडीतून परवाना तपासणारा भागच कुणीतरी आधी कापून काढलेला. तपासणारा नाही तर सांगणार कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

"काकू," झेरॉक्सवाला पायरीवरून ओरडला, "आता कळलं ना, शहाणं कोण?"

काकूंनी टेस्टर काढला, नुसताच हातात धरला. मग भर गल्लीत म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी. मी दिलेला एकही डबा खोटा निघाला तर सोमवारी हे शटर ओढीन आणि पुन्हा उघडणार नाही. सोमवारपर्यंत तोंडं बंद ठेवा."

कंडक्टरकाका घरात गेल्यावर पुटपुटले, "एवढं बोलायची गरज होती का?"

"होती."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्ही दाराजवळ बसा, मी खिडकीपाशी बसते. जेवायला वाढू का?"

गुरुवारी काकू पोतं घेऊन डबे गोळा करायला निघाल्या. डबा फेकायचा नाही हे सगळ्यांनी पाळलं होतं, कसं पाळलं ते विचारू नका. शिंप्याच्या डब्यात बटणं. वेल्डरच्या डब्यात आईच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या. एका घरी लंगड्या पलंगाच्या पायाखाली डबा. तिथली म्हातारी पलंगावरून उतरायला तयार नाही. "आधी दुसरं काहीतरी दे, मग डबा ने." काकूंनी वीट आणून दिली. भोंग्यानं डबा दिला, पण वर ऐकवलं, "पोतं भरून पुरावा गोळा केला म्हणजे खोट्याचं खरं होत नाही हो!" हे तीन गल्ल्या पलीकडं ऐकू गेलं.

सगळे स्टिकर जागेवर, सगळ्या सह्या जागेवर. पण त्यानं डबे खरे एवढंच दिसत होतं. रोग कुठं आहे ते कळत नव्हतं.

शुक्रवारी अडतिसावा डबा राहिला होता, बँडमास्तरांचा. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा आलेलाच नव्हता. त्यावरूनही कुजबुज होतीच, की मास्तरांना तेवढं खरं दिलं आणि आम्हाला खोटं. काकू गेल्या तर कॉम्प्युटर छान चालू, आणि त्याच्या पेटीवर लांबलचक पसरलेली मांजर.

"मास्तर, हा बंद कधी केला होतात?"

"बंद?" मास्तर चपापले. "बंद नाही करत आम्ही. मांजरीला खालून ऊब लागते. बंद केला की रात्रभर बोंबलते, मग आमच्या हिला झोप नाही, मग मला झोप नाही."

"किती दिवस झाले?"

"मांजर आली तेव्हापासून. महिना झाला असेल."

काकू जमिनीवर बसल्या. त्यांना बापाची गिरणी आठवली. चालत्या गिरणीवर दोष दिसत नाही. थांबवून पुन्हा चालू केली की पहिल्या फेऱ्यातच खडखड करते. त्यांनी मास्तरांच्या यंत्रात नोंद उघडून बघितली. मंगळवारी संध्याकाळी कंपनीनं इंटरनेटवरून नवी दुरुस्ती धाडली होती. घराघरांत कुणाला न विचारता येऊन बसली होती ती. बसली तरी कॉम्प्युटर एकदा बंद होऊन चालू झाल्याशिवाय ती कामाला लागत नव्हती. बाकीच्यांनी मंगळवारी रात्री शिस्तीनं बंद केले आणि बुधवारी अडकले. मास्तर वाचले ते मांजरीमुळं.

"मास्तर, मी हा एकदा बंद करून लावते. पडदा काळा झाला तर मी जिंकले."

"आणि माझं काय?"

"तुमचा मी दुरुस्त करीन. मांजरीला तोवर मांडीवर घ्या."

मांजर फिसकारली. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. पडदा काळाठिक्कर. तुमच्याकडील प्रत अस्सल नाही. काकूंनी अशी आरोळी ठोकली की मास्तरांची बायको लाटणं घेऊन बाहेर आली.

शनिवारी काकू कंपनीच्या सेवा केंद्रात गेल्या. बसनं दोन तास. पाठीवर अडतीस डब्यांचं पोतं आणि सोबत मुद्दाम भोंगा. "तू सगळ्यात मोठ्यानं चोर म्हणालास. तूच साक्षीदार चल."

केंद्रात काचेचं दार, गार हवा, टोकन घेऊन बसलेली तीसेक माणसं. खिडकीवर टायवाला. काकूंनी पोतं काउंटरवर ओतलं. दोन बटणं घरंगळत गेली.

टायवाल्यानं एक डबा दिव्याखाली धरला. मग दुसरा. मग पाच-सहा. "स्टिकर तर अस्सल दिसतात," तो म्हणाला. "पण मॅडम, डबा खरा असला तरी आत दुसरंच काही भरलेलं असू शकतं. आमची सिस्टिम खोटं बोलत नाही. इशारा आला म्हणजे कुठंतरी गडबड आहेच. तुम्ही तुमच्या दुकानदाराला जाऊन विचारा."

"दुकानदार मीच."

"मग प्रश्नच मिटला," टायवाला म्हणाला आणि पुढचं टोकन पुकारायला वळला.

भोंगा काकूंच्या कानाशी लागला. "चला आता काकू," तो त्याच्या मते हळू म्हणाला. सगळं केंद्र मागं वळून बघायला लागलं.

काकू हलल्या नाहीत. "साहेब, तुमच्या समोरचा हा कॉम्प्युटर. हा कंपनीचाच ना?"

"कंपनीचाच. म्हणजे काय!"

"बंद कधी केला होता?"

"आम्ही बंद करत नाही. काम अखंड चालू असतं."

"मग एकदा करून बघा."

"कशासाठी?"

"तुमची सिस्टिम खोटं बोलत नाही ना? मग भीती कसली? कर नाही त्याला डर कशाला?"

रांगेतले लोक उठून जवळ आले. एक जण म्हणाला, "करा की साहेब, माझ्याकडं पण तोच काळा पडदा आहे." दुसरी म्हणाली, "मी पण त्याचसाठी आलेय." टायवाल्यानं आजूबाजूला बघितलं. टाय सैल केला. बटण दाबलं.

बंद झाला. चालू झाला. पंख्याचा घुर्र आवाज आला. आणि पडदा काळा पडला, बुधवारी सदतीस घरांत पडला होता तेवढाच काळा. त्यावर पांढरी अक्षरं. भोंग्यानं ती वाचायला तोंड उघडलं आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच कुणाला काही खटकलं नाही.

"तुमच्याकडील प्रत अस्सल नाही! विक्रेत्याने तुमची फसवणूक केलेली असू शकते!"

काकूंनी काउंटरवर कोपर टेकलं. "अरेरे. कुणी फसवलं हो साहेब तुम्हाला? तुमच्या दुकानदाराला जाऊन विचारा."

केंद्र असं हसलं की काच थरथरली. आतून मॅनेजर आले. काय गोंधळ आहे म्हणाले, बघितलं, शेजारचा कॉम्प्युटर बंद करून लावला, तोही काळा. तिसरा काळा. चौथ्याला हात लावायच्या आधी त्यांनी स्वतःच हात मागं घेतला. "कुणी काही बंद करू नका!" म्हणून ओरडले आणि मुख्य कचेरीला फोन लावायला पळाले.

अर्ध्या तासानं परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. तपासणीच्या नव्या दुरुस्तीतच चूक होती. एका जुन्या खेपेचे सगळे खरे परवाने ती खोटे ठरवत होती, केंद्रातलेसुद्धा. तक्रारी बुधवारपासून येत होत्या, पण तक्रार करणारा म्हणजे चोरच असणार, असं धरून बाजूला पडत होत्या. "मॅडम, परवापर्यंत नीट करून पाठवतो. मनापासून दिलगीर आहोत."

"दिलगिरी लिहून द्या."

"लिहून?"

"तुम्ही आम्हाला लिहूनच चोर म्हटलंत की. शिक्का मारून द्या. अडतीसच्या अडतीस नंबर घाला. मी बसते." आणि काकू खरोखर बसल्या. टायवाल्यानं एकेक डबा हातात घेऊन अडतीस परवाने मोठ्यानं वाचले आणि आपल्या बोटानं टाइप केले. चौदाव्याला तो 'ओ' की शून्य म्हणून अडला. "शून्य," काकू म्हणाल्या. "चष्मा लावा."

परतीच्या बसमध्ये भोंग्यानं जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. हे लिहून ठेवण्यासारखं. म्हणाला, "काकू, चुकलंच माझं."

"चुकलं ते भर गल्लीत. बसमध्ये काय सांगतोस?"

सोमवारी शटरसमोर सगळी वस्ती. काकू किल्ली घेऊन आल्या, वाकल्या, आणि शटर खाडकन वर गेलं. भोंगा कुणी न सांगता पायरीवर चढला. त्यानं शिक्क्याचं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं, अडतीसही नंबर वाचले. ज्याचा नंबर येई तो "माझा!" म्हणून हात वर करी. झेरॉक्सवाल्यानं मशीन चालू करून आवाज बुडवायचा प्रयत्न केला. भोंग्यापुढं मशीन काय करणार? मोजून चार पानांत कागद अडकला.

मग काकूंनी मोठ्या बाईंचा कॉम्प्युटर टेबलावर घेतला, तार जोडली, कंपनीची नवी दुरुस्ती उतरवून घेतली आणि सगळ्यांदेखत बंद करून चालू केला. पडदा उजळला. निळा, स्वच्छ, एक अक्षर नाही.

मोठ्या बाई पुढं आल्या. "हातगाडी बोलावू का मी?"

"बसा आधी," काकू म्हणाल्या. "तुम्ही काही बोलला नव्हतात, म्हणून तुमचं जास्त लागलं. आता दोन शब्द बोला, मग न्या."

बाईंनी काकूंचा टेस्टरचा हात धरला आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हणाल्या, "मी चुकले. आणि शाळेचे बारा कॉम्प्युटर तुमच्याकडूनच येतील."

टाळ्या चालू असतानाच पलीकडच्या वस्तीतली एक पोरसवदा बाई गर्दीतून वाट काढत आली, हातात कागदाचा चिटोरा. कंडक्टरकाका म्हणाले, "आत सरका, आत सरका." ती बिचारी घाबरून म्हणाली, "अहो, ते खरं सॉफ्टवेअर देणारं दुकान कुठलं?"

अडतीस घरांनी एकदम सांगितलं, "हेच!"