ताईची बुईनची बाटली

त्या दिवशी ताईनं मला फोन का केला नाही? सांगलीच्या खाटीकखान्यात तिला नेहमी मीच न्यायचो. मी हे घरच्यांना विचारलं, तिच्या गाईड मॅडमना विचारलं. कुणी उत्तर देत नाही, किस्से सांगतात. कराडच्या लॅबमधली माणसं भेटायला येतात, एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आठवतं. रडायला आलेले हसून जातात. मी राहतो. माझ्याकडं आता ढीग साचलाय.

ताई शेळ्या-बोकडांच्या जननेंद्रियांवर पीएचडी करत होती. तुकडा कुठल्या औषधात ठेवला म्हणजे मायक्रोस्कोपखाली जिवंत असल्यासारखा दिसतो, हे ती शोधायची.

*

खाटीकखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा ताई तिथल्या चाचांना म्हणाली, "बोकडाचे अंडकोष पाहिजेत. गरम असतानाच."

"खायला का औषधाला?"

"बघायला."

चाचा सुरी पुसत म्हणाले, "बघायला एवढ्या लांबनं आलीस व्हय पोरी? मग हितंच बघ की. पैसं कशाला देतीस?"

*

शुभांगी ही ताईची मैत्रीण, लॅबमध्ये नवीन. तिनं अख्खा अंडकोष न कापता बाटलीत टाकला. औषध आत पोचलंच नाही. कापला तर बाहेरनं टणक, आतनं सडका.

ताई म्हणाली, "आपल्या डिपार्टमेंटसारखा झालाय."

मागं मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग मी बाहेरची का आतली?"

*

एकदा मलाही तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. "हे फॉर्मलीनमधलं. बघ, सगळं आक्रसलंय, मधे भेगा. आणि हे बुईनच्या औषधातलं. पेशी कशा जागच्या जागी हायत."

"मग बुईनच वापर की."

"मी एवढी वर्षं हेच लिहितेय रं. तू उभ्या उभ्या पीएचडी केलीस."

*

बुईन पिवळंधमक असतं. हातमोजा फाटला की बोटं रंगतात, धुऊन जात नाहीत. खंडाळ्याचं स्थळ आलं, ताईनं पोह्यांची बशी पुढं केली. मुलाची आई म्हणाली, "अगं बाई, हळद आधीच लागली व्हय?"

"न्हाई, बोकडाच्या अंडकोषाचं औषध हाय."

पोहे तसेच राहिले. आमची आई ताईशी बोलेना. ताई मला म्हणाली, "फॉर्मलीन लावून बसायला पायजे होतं. त्याला रंग नसतो."

*

सांगलीहून एकटी परत येताना हायवेवर ट्रकनं तिला उडवलं. चौकीतून स्कूटी मी आणली. डिकीत बुईनची बाटली होती, साधा ओरखडा नाही. आत शेळीच्या अंडाशयाचे तुकडे, तिनंच कापलेले. बुईनमध्ये जास्त राहिले तर ते ठिसूळ होतात, पुढं कापताना भुगा होतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोलमध्ये घालावे लागतात.

ताईला अग्नी मीच दिला होता. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन निघालो तर चुलते दारात आडवे आले.

"सुतकात कुठं चाललास? अग्नी दिलेल्यानं घर सोडायचं नसतंय."

"आवं आण्णा, ताईचं काम नासंल."

"ती गेली बाबा. आता कसलं काम?"

मी गाडी काढली. लॅबच्या दारात मात्र पाय अडला. म्हटलं, "मला सुतक हाय."

शुभांगी म्हणाली, "हिथं सगळं मेलेलंच असतंय. ये आत."

मॅडमनी बाटली हातात घेतली, पण त्यांना झाकण उघडेना. मग मीच उघडली. बुईन ओतून टाकलं. तुकडे चिमट्यानं एकेक उचलून अल्कोहोलमध्ये सोडले आणि वरून झाकण घट्ट लावलं.